दोघींची कार्डं पूर्ण

बुधवारी सकाळी पाळणाघराच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. तो वाचत थांबलेले, कामाला उशीर झालेले आईबाप, त्यांच्या पिशव्या आणि त्यांची रडकी पोरं यांची दारातच दाटी झाली होती. मेकॅनिकने आपल्या जुळ्या मुलींची जोडगाडी भिंतीला लावली, ब्रेक दाबला, दाबलेला ब्रेक पुन्हा हलवून बघितला आणि मग कागदाकडे मान वर केली. धंद्याची सवय, दुसरं काय. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि स्वतः हलवून बघितल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसायचा नाही.

कागदावर पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं. छोट्यांच्या खोलीतल्या एका बाळाला गोवर निघाला आहे. ते बाळ आठवडाभर सुट्टीवर होतं, फक्त सोमवारी एक दिवस आलं होतं. ज्या मुलांची गोवराची लस राहिली असेल त्यांना संपर्कापासून तीन दिवसांच्या आत, म्हणजे उद्या गुरुवारपर्यंत, लस द्यावी. न दिल्यास तीन आठवडे घरी ठेवावं.

त्याने कागद पुन्हा वाचला. दुसऱ्यांदा वाचून त्यात काही बदललं नाही.

मोठ्या बाई दारात बसून एकेकाचं कार्ड वहीशी ताडून बघत होत्या. या पाळणाघरात लसीच्या कार्डाशिवाय प्रवेश नव्हता, आणि बाईंकडे रदबदली चालत नसे. त्याच्या पुढच्या बाईच्या मुलाची एक लस राहिली होती. तिला त्यांनी तिथल्या तिथे परत फिरवलं. ती "आज तरी ठेवा हो, माझी सुट्टी संपलीय" म्हणत राहिली, बाई मान हलवत राहिल्या. मग त्याचा नंबर आला आणि बाईंचा चेहरा सैल झाला.

"तुमचं काय बघायचं? दोघींची कार्डं पूर्ण. सगळे असे असते तर माझं डोकं दुखलं नसतं. या गं, दोघी या."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. बाईंनी एक पोरगी या काखेत, दुसरी त्या काखेत घेतली आणि त्या आत गेल्यासुद्धा.

आता यात बोलण्यासारखं काय होतं, ते आधी सांगायला हवं. मुली वर्षभराच्या. अकरा मिनिटं आधी आली ती थोरली, मागून आली ती धाकटी. घरात त्यांना हीच नावं पडली. दिसायला एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. त्यांची आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, आणि तिला पाठमोऱ्या पोरीसुद्धा ओळखू यायच्या. बापाला यायच्या नाहीत. त्याच्या डोळ्यांना नंबर नव्हता, बायकोने स्वतः दोनदा तपासले होते, तरी यायच्या नाहीत. थोरलीच्या पायांत लाल मोजे आणि धाकटीच्या पायांत निळे, एवढ्यावर त्याचं बापपण चाललं होतं. अंघोळीनंतर कधी मोजे उलटे घातले गेले की बायको हसायची, "अरे, अदलाबदल केलीस की!" तोही हसायचा आणि दमलोय म्हणायचा. मला माझ्या मुली ओळखू येत नाहीत, हे वाक्य कुठल्या तोंडाने म्हणायचं?

त्यात सासूबाई. बाळंतपणानंतर त्यांनी लेकीला सहा महिने आपल्याकडेच ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. "त्याला स्वतःच्या किल्ल्या सापडत नाहीत, दोन पोरी काय सांभाळणार?" त्यावर बायको आईशी तावातावाने भांडली होती. "तो सगळं करेल," असं छातीठोकपणे सांगून ती घरी आली होती. तेव्हापासून तो खरोखरच सगळं करायचा.

म्हणून तीन महिन्यांपूर्वी, नऊ महिने पूर्ण झाल्यावरची गोवराची लस द्यायला दोघींना घेऊन तो एकटाच दवाखान्यात गेला. पाळणाघरातला प्रवेश त्या शिक्क्यासाठी अडला होता. आधी थोरलीचं नाव पुकारलं. तिला मांडीवर घेतलं, सिस्टरने मांडीत सुई टोचली, वर छोटी गोल चिकटपट्टी लावली. पोरीने दवाखाना डोक्यावर घेतला. तेवढ्यात लसीची बाटली संपली. "नवीन आणते, बसा जरा," म्हणून सिस्टर आत गेली ती वीस मिनिटं आली नाही. त्या वीस मिनिटांत दोघींनी लंगोट भरले. त्याने बाकावर दोघींना आडवं केलं, मोजे काढले, पुसलं, बदललं, मोजे पिशवीतच राहिले. मग एक झोपली, दुसरी रडत राहिली. सिस्टरने धाकटीचं नाव पुकारलं तेव्हा त्याने मनाशी हिशेब मांडला, की रडतेय ती टोचलेली, झोपलीय ती राहिलेली. झोपलेली उचलली आणि दुसऱ्या गुडघ्यावर घेतली. फ्रॉक लांब होता, समोर आलेली मांडी कोरी होती. सिस्टरने टोचलं, दोन्ही कार्डांवर शिक्के मारले.

संध्याकाळी अंघोळीच्या टबात दोघींना बसवलं तेव्हा एकीच्या दोन्ही मांड्यांवर दोन पट्ट्या होत्या. दुसरीच्या मांड्या कोऱ्या.

तो टबाशेजारी उकिडवा बसला होता, तसाच बसून राहिला. दोघी ओल्या, दोघी उघड्या, दोघी पाण्यावर हात आपटत होत्या. यातली कुठली कोण? बाहेर किल्ली फिरली, बायकोचा आवाज आला, "झाली का लस? रडल्या का माझ्या सोन्या?" आणि त्या क्षणी त्याने जे केलं ते का केलं, हे त्याला आजवर कळलेलं नाही. त्याने दोन्ही पट्ट्या खरवडून काढल्या आणि ओल्या कापडात गुंडाळल्या. "झाली," तो म्हणाला. "थोड्या रडल्या."

उद्या जाऊन सांगू, असं त्याने ठरवलं. उद्या कामाची गडबड होती. परवा बायकोने फोनवर आईला ऐकवलं, "एकटा घेऊन गेला दोघींना, आहेस कुठे?" त्यानंतर सांगणं आणखी जड झालं. सोमवारी प्रवेश झाला. मग त्याने स्वतःची समजूत घातली, की आपणच चुकीचं बघितलं असेल, भास झाला असेल. दिवसा ही समजूत टिकायची. एखादी पोर खोकली की लगेच सुटायची.

बुधवारी तो कामावर गेला खरा. आठ मजली इमारत होती. पाचव्या आणि सहाव्या मजल्यांच्या मधे लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभं राहून तो वरच्या दोराला वंगण देत होता. डब्याच्या आत तपासणीचं कार्ड टांगलेलं होतं, महिन्यामहिन्याच्या त्याच्या सह्या असलेलं. तपासल्याशिवाय सही नाही, हा त्याचा बाणा. सोबतचे कामगार त्याला त्यावरून चिडवायचेसुद्धा. आज हातातला पाना निसटला आणि खाली गेला. तो आदळल्याचा आवाज यायला किती वेळ लागला! तो टपावर खाली बसला आणि तिथूनच त्याने पाळणाघरात फोन लावला.

"ते आजारी बाळ कसं आहे?"

"कसलं कसं," मोठ्या बाईंचा आवाज उतरला होता. "दवाखान्यात ठेवलंय. छातीत उतरलंय म्हणे, ऑक्सिजन लावलाय. एवढंसं पोर हो! लसीचं वयच पुढच्या आठवड्यात व्हायचं होतं."

"सोमवारी ते... आमच्या मुली कुठे होत्या?"

"जेवायला तुमच्या दोघींच्या मधेच बसलं होतं. तुमच्या पोरींनी त्याचा चमचा पळवला, मग हा त्यांचा पळवतोय, एवढे हसलो आम्ही. पण तुम्हाला कसली काळजी? दोघींची कार्डं..."

त्याने फोन बंद केला. पाना तिथेच राहिला. लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' ची पाटी अडकवून तो निघाला, आणि अर्ध्या तासात दोन्ही मुली गाडीत घालून दवाखान्याच्या दारात हजर झाला.

सिस्टर तीच होती. दोरी बांधलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हाताशी शिक्का. तिने कार्डं उघडली, मिटली.

"यांची झालीय."

"पुन्हा द्या."

"असं कसं देऊ? दुसऱ्या डोसची वेळ नाही झाली अजून."

"पाळणाघरात गोवर निघालाय. सोमवारी दोघी त्या बाळाशेजारी होत्या."

"मग? झालीय ना लस? घाबरू नका. लस झालेल्यांना बहुतेक काही होत नाही."

इथे त्याला बोलावंच लागलं. मागे बाकावर पाचसात जण बसलेले, सगळ्यांचे कान टवकारलेले. त्याने आवाज इतका खाली आणला की सिस्टरला पुढे वाकावं लागलं.

"एकीलाच दोन्ही दिल्या गेल्या बहुतेक. तुमची चूक नाही. मी एकीलाच दोनदा मांडीवर घेतलं."

सिस्टरने चष्मा काढला. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

तिने त्याच्याकडे पाहिलं ते पाहणं तो जन्मात विसरायचा नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती उठली, आत जाऊन डॉक्टरांशी बोलली, परत आली.

"जास्तीचा डोस झाला तर काही बिघडत नाही. दोघींना देऊ. दुसऱ्या दिवशी आला असतात तरी हेच केलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं." मग तिने दोन कार्डं समोर ठेवली, एकेकावर बोट ठेवलं. "आता सांगा. थोरली कुठली?"

त्याने गाडीत वाकून बघितलं. मुलींचे चारही पाय उघडे. घाईत पाळणाघरातून आणताना मोजे राहून गेले होते. दोन सारखी नाकं, दोन सारख्या जिवण्या, चार डोळे बापाकडे बघून हसत होते. अंदाजाने बोट दाखवणं सोपं होतं. तसं तर तो वर्षभर करत आला होता.

"दोघींना देणारच आहात, मग कोण कुठली याने काय फरक पडतो?"

"मला पडतो," सिस्टर म्हणाली. "कुठल्या बाळाला कधी, कुठल्या बाटलीतलं, कुठल्या मांडीत, हे मी लिहिते. उद्या एकीला त्रास झाला तर मी कुणाचं कार्ड उघडू? मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत ते मी लिहिलं. आज नाही लिहिणार. यांना ओळखणारं कुणीतरी बोलवा."

यांना ओळखणारं कुणीतरी. बापाला सांगत होती ती हे.

त्याने बायकोला फोन केला. "दवाखान्यात ये. दोघी ठीक आहेत. ये फक्त." एवढंच त्याला जमलं. ती पंधरा मिनिटांत आली, दुकानातला पांढरा कोट तसाच अंगावर, धावल्यामुळे श्वास वर. आधी पोरींच्या कपाळांना हात लावला, मग त्याच्याकडे वळली. "काय झालं? तुझा चेहरा असा का झालाय? सांग ना!"

त्याने सांगितलं. बाकावरच्या माणसांसमोर, उभ्याने, एका दमात. बाटली संपल्याचं, टबातल्या पट्ट्यांचं, त्या खरवडून काढल्याचं. आजारी बाळाचं आणि ऑक्सिजनचं. शेवटी मोज्यांचं. ते सांगताना मात्र त्याला रडू फुटलं.

ती ऐकत राहिली. मग खाली वाकली, एकीला उचललं, सिस्टरच्या हातात दिलं. "ही थोरली." दुसरीला उचललं. "ही धाकटी." आवाजात काही नव्हतं. सिस्टरने दोघींना टोचलं, दोघींनी गळे काढले. सिस्टर म्हणाली, "तीन दिवसांच्या आत दिलीय, तेव्हा बहुतेक टळेल. बहुतेक म्हणतेय मी, नक्की नाही. तीन आठवडे दोघींना घरी ठेवा. आठदहा दिवसांनी ताप आला, पुरळ आलं, तर थेट इथे यायचं नाही, आधी फोन. लशीनेही हलका ताप येतो. खरा गोवर की लशीचा, ते तपासणीशिवाय आम्हालाही कळत नाही."

टोचल्यावर अर्धा तास थांबायचं होतं. दोघं बाकावर बसली, एकेका पोरीला मांडीवर घेऊन. त्याला वाटलं होतं ती सासूबाईंचं काढेल, मोज्यांवरून तोडून बोलेल. त्याची त्याने मनात तयारीही केली होती.

"तीन महिने तू एकटाच घाबरत होतास," ती म्हणाली. "मला का नाही घाबरू दिलंस?"

त्याने मांडीवरच्या पोरीचा फ्रॉक सारखा केला.

"मी दुसऱ्याच दिवशी उठून आले असते इथे. त्या तीन महिन्यांत मी काय करत होते, माहितेय? दुकानात सगळ्यांना सांगत होते, नवरा असावा तर असा. इथे एक पोर लसीवाचून उघडी, आणि मी कौतुकं सांगत बसलेय!" तिने मांडीवरच्या पोरीला त्याच्यासमोर धरलं. "ही कोण?"

त्याने खूप वेळ बघितलं. रडून लाल झालेलं नाक, ओल्या पापण्या.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"थोरली," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या मांडीवर थोरलीलाही ठेवलं.

पुढचे दिवस कसे गेले ते त्या दोघांनाच ठाऊक. तिने एक आठवडा सुट्टी काढली, त्याने पुढचे दोन. घरात कुणी यायचं नाही, पोरींनी बाहेर जायचं नाही. सासूबाईंना खरं ते सगळं सांगून टाकलं. दिवसातून चारदा ताप मोजायचा आणि कागदावर लिहायचा. एक शिंक आली तरी दोघं धावत यायची. ते आजारी बाळ अजून ऑक्सिजनवर होतं. रोज दुपारी बायको मोठ्या बाईंना फोन करायची आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. पाणी उकळ, लंगोट आण, धाकटीला धर. कोणाला धर, हे मात्र ती दर वेळी नाव घेऊन सांगायची, आणि तो दर वेळी चेहऱ्याकडे बघून घ्यायचा. बघण्यासारखं पुष्कळ होतं. इतके दिवस आपण नक्की कुठे बघत होतो, असं त्याला वाटायचं.

नवव्या दिवशी सकाळी बायको अंघोळीला गेली होती. तो दोघींना समोरासमोर बसवून भात भरवत होता, एक घास इकडे, एक घास तिकडे. इकडची तोंड उघडेना. त्याने चमचा ओठांना लावला, तिने मान फिरवली. त्याने गालाला हात लावला आणि हात झटकन मागे आला. गाल कढत होता. मानेवर, कानांच्या मागे, लालसर ठिपके उठले होते, बारीक, मोजता येतील एवढे.

"धाकटी तापलीय!" तो ओरडला. "अगं लवकर ये, धाकटीला ताप आलाय, पुरळ आलंय!"

न्हाणीघराचं दार आपटलं. केसांतून पाणी निथळत असताना ती तशीच धावत आली आणि दारात थबकली. तिने दोघींच्या उघड्या पायांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

तो ताप लशीचा होता, गोवराचा नव्हता, हे दोन दिवसांनी तपासणीतून कळायचं होतं. पहिल्यांदाच लस मिळालेल्या मुलाला असा ताप येऊ शकतो, म्हणजे तीन महिने उघडी राहिली ती बहुधा हीच, हेही तेव्हाच कळायचं होतं. त्या क्षणी दारात उभ्या असलेल्या आईला आणि जमिनीवर बसलेल्या बापाला यातलं काही ठाऊक नव्हतं. दोघांच्या डोळ्यांसमोर ऑक्सिजनची नळी होती.

"कोणाला म्हणालास?"

"धाकटीला. दिसत नाही का तुला? बघ ना, कशी मान टाकलीय!" त्याने चमचा खाली टाकला. "फोन कर सिस्टरना. सांग, धाकटीला आलाय."

ती पुढे आली, गुडघ्यांवर बसली, कपाळाला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"हो," ती म्हणाली. "धाकटीलाच." आणि ओल्या हातांनी फोन शोधायला लागली.

त्याने पोरीला छातीशी धरलं. तिचं अंग शर्टातून भाजत होतं, आणि बायकोने फोन लावता लावता दुसरा हात त्याच्या दंडावर ठेवला.